गुप्ततेची हुंडी आणि परदेशांतील बंदिवान

जळगांव-धुळ्याच्या बाजारपेठेंत ज्यांच्या घराण्यांत दोन-चार पिढ्या व्यापार चालत आला आहे, त्यांस हुंडी म्हणजे काय हें नव्यानें सांगावयास नको. एका गांवच्या पेढीवर लिहिलेला कागद दुसऱ्या गांवच्या पेढीवर पटत असे, आणि मध्यें रोकड न हालतां मोठमोठे व्यवहार पार पडत. हा सारा कारभार साखेवर चाले हें खरें. परंतु साखेच्या मागें वही होती. हुंडी कोणीं लिहिली, कोणावर लिहिली, कोणीं स्वीकारली, याची नोंद दोन्ही पेढ्यांत असे. आणि हुंडी खोटी ठरल्यास नुकसान कोणाच्या खातीं पडावयाचें हेंही आधींच ठरलेलें असे. ज्या पेढीनें वह्या ठेवण्याचेंच सोडून दिलें, तिच्या कागदास बाजारांत कोणी विचारीत नसे.

आज जगांतील सरकारें एकमेकांशीं अशाच एका हुंडीचा व्यवहार करीत आहेत. मात्र तिच्यांत रुपये नसून माणसें आहेत. अमुक इसमावर नजर ठेवा, तमुक इसम अमक्या बंदरांत उतरणार आहे, तुमच्या ताब्यांतील बंदिवानास हे प्रश्न विचारा व उत्तरें आम्हांस कळवा, अशा वार्ता एका देशाच्या गुप्त खात्याकडून दुसऱ्या देशाच्या गुप्त खात्याकडे नित्य जात-येत असतात. कागद एका राजधानींत लिहिला जातो आणि तो पटतो दूरच्या एखाद्या कोठडींत, कोणाच्या तरी उघड्या पाठीवर. तो खोटा निघाला तर भरपाई कोणीं करावयाची? त्याची नोंद कोठें आहे? ती वही तपासण्याचा अधिकार कोणास आहे? या तीन प्रश्नांचा विचार आम्ही आज करणार आहों.

कोणी म्हणेल, या थोरल्या राजकारणाशीं खानदेशच्या माणसास काय कर्तव्य आहे? त्यांस आम्ही धुळें तालुक्यांतील बोरविहीर गांवाची आठवण देतों. त्या गांवचा चंदू चव्हाण हा तरुण शिपाई 29 सप्टेंबर 2016 रोजीं काश्मिरांत ताबारेषेपलीकडे जाऊन पाकिस्तानी सैन्याच्या हातीं सांपडला. आपल्या सैन्यानें रेषेपलीकडे केलेल्या हल्ल्याची वार्ता त्याच दिवशीं जाहीर झाली होती; चव्हाण त्या कारवाईंत नव्हता, तो नजरचुकीनें पलीकडे गेला, असें सैन्याकडून सांगण्यांत आलें. आईबापांवेगळ्या या मुलास आजी-आजोबांनीं वाढविलें होतें. ही वार्ता कानीं पडतांच आजीनें प्राण सोडला. पुढें 21 जानेवारी 2017 रोजीं वाघा सीमेवर तो परत करण्यांत आला. मधल्या 114 दिवसांविषयीं बोलतांना, आपणांस मारहाण झाली व अंधारांत कोंडून ठेवण्यांत आलें, असें त्यानें परतल्यावर सांगितलें.

त्या वेळीं धुळ्याचे खासदार डॉ. सुभाष भामरे हे केंद्रांत संरक्षण राज्यमंत्री होते. त्यामुळें कोणत्या दारीं जाऊन दाद मागावयाची हें बोरविहिरीच्या त्या घरास ठाऊक होतें. हें त्या घराचें दैव होय. परंतु पालघर जिल्ह्यांतील डहाणू-तलासरीकडचा जो गरीब खलाशी गुजरातच्या मासेमारी बोटीवर मजुरीस जातो, आणि पाण्यावर न दिसणारी सीमा ओलांडल्याबद्दल कराचीच्या तुरुंगांत जाऊन पडतो, त्याच्या बायकोनें कोणाचें दार ठोठवावें? 2025 सालीं परराष्ट्र खात्यानें संसदेस दिलेल्या माहितीप्रमाणें परदेशांतील तुरुंगांत दहा हजारांहून अधिक भारतीय होते. एवढ्या सर्वांच्या गांवचा खासदार राज्यमंत्री असूं शकत नाहीं. जें एकास दैवानें मिळालें तें सर्वांस हक्कानें मिळावें, यासाठींच कायदा असतो.

गुप्त वार्तेच्या देवघेवीपुढें कायदा कसा लंगडा पडतो, याचा धडा महाराष्ट्रास फार पूर्वीं, 1910 सालीं मिळाला आहे. विनायक दामोदर सावरकर यांस लंडनांत पकडून ‘मोरिया’ नांवाच्या आगबोटीनें हिंदुस्थानांत खटल्यासाठीं आणलें जात होतें. 8 जुलै 1910 रोजीं सकाळीं मार्सेलिस बंदरांत त्यांनीं समुद्रांत उडी टाकून फ्रान्सचा किनारा गांठला. परक्या देशाच्या भूमीवर पाय पडल्यावर त्या देशाच्या कायद्याप्रमाणें त्यांची चौकशी व्हावयास हवी होती. परंतु एका फ्रेंच पोलिसानेंच त्यांस धरलें आणि कोणाही न्यायाधीशाच्या हुकमावांचून बोटीवर परत पोंचविलें. फ्रान्सनें पुढें तक्रार केली, प्रकरण हेग येथील लवादापुढें गेलें, आणि 24 फेब्रुवारी 1911 रोजीं निकाल झाला. अटकेंत व सोपवणुकींत अनियमितपणा घडला हें लवादानें मान्य केलें; तथापि बंदिवानास परत देण्याचें बंधन ब्रिटनवर नाहीं असें ठरविलें.

हें कशावरून ठरलें? 29 जून रोजीं लंडनच्या पोलीस प्रमुखानें पॅरिसच्या पोलीस खात्याच्या प्रमुखास एक पत्र धाडून, अमुक बंदिवान अमक्या बोटीनें मार्सेलिसला येत आहे, असें आगाऊ कळविलें होतें. त्यावरून तेथील अधिकाऱ्यांस सूचना गेल्या होत्या. तेव्हां फ्रेंच पोलिसानें जें केलें तें या पूर्वसंकेतास धरून व शुद्ध हेतूनें केलें, असा लवादाचा आशय होता. सावरकरांच्या राजकारणाविषयीं वाचकांचें मत कांहींही असो, आमच्या प्रश्नाशीं त्याचा संबंध नाहीं. दोन पोलीस खात्यांमधील टपालानें एका माणसाच्या आश्रयाचा हक्क गिळला, आणि जगांतील पहिल्या प्रतीच्या कायदेपंडितांस त्यावर उपाय सांपडला नाहीं, ही त्यांतील विचार करण्यासारखी गोष्ट आहे. अनियमितपणा झाला असें म्हणावयाचें आणि परिणाम तसाच राहूं द्यावयाचा, असा न्याय ज्याच्या वांट्यास येतो त्याला तो अन्यायच वाटतो.

त्या परकी अमदानीचें समर्थन करण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. तरीही एक भेद येथें सांगितला पाहिजे. टिळकांस 1908 ते 1914 पर्यंत मंडालेस ठेविलें, तेव्हां ते कोठें आहेत व किती मुदतीसाठीं आहेत हें साऱ्या देशास ठाऊक होतें. 1932 सालीं आमच्या धुळ्याच्या तुरुंगांत विनोबांनीं गीतेवर प्रवचनें केलीं आणि साने गुरुजींनीं तीं टिपून घेतलीं. त्या तुरुंगास दार होतें, पत्ता होता, बंदिवानांची नांवनिशी होती. याच्या उलट अमेरिकेनें 2001 नंतर परदेशांत गुप्त तुरुंग चालविले, आणि अध्यक्ष बुश यांनीं 2006 च्या सप्टेंबरांत तें कबूल करीपर्यंत त्यांस सरकारी दप्तरीं जणूं अस्तित्वच नव्हतें. त्या देशाच्या सिनेटच्या समितीनें 2014 सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणें असल्या तुरुंगांत 119 माणसें ठेवण्यांत आलीं, आणि त्यांपैकीं निदान 26 जणांस खुद्द त्या खात्याच्या नियमांप्रमाणेंही पकडावयास नको होतें. तुरुंग कितीही वाईट असो, त्याचा पत्ता माहीत आहे तोंवर सुधारणेस जागा असते. जो तुरुंग नाहींच असें सांगितलें जातें, तेथें सुधारणा करावयास जाणार कोण?

आतां शेजारच्या देशाकडे वळूं. भारत व पाकिस्तान यांमध्यें 21 मे 2008 रोजीं एक करार झाला. त्याप्रमाणें दर 1 जानेवारीस व 1 जुलैस दोन्ही सरकारांनीं आपापल्या तुरुंगांतील परस्परांच्या माणसांच्या याद्या द्यावयाच्या, आणि अटकेपासून तीन महिन्यांत त्यांस त्यांच्या वकिलातीच्या अधिकाऱ्याची भेट मिळवून द्यावयाची. करार चांगला आहे; परंतु राजकीय किंवा सुरक्षिततेच्या कारणांवरून पकडलेल्यांचा विचार ज्यानें-त्यानें प्रकरणाच्या गुणदोषांवरून करावा, अशी एक फट त्यांत ठेविलेली आहे. ही फट केवढी रुंद होऊं शकते हें कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणांत दिसून आलें. नौदलांतून निवृत्त झालेल्या या महाराष्ट्रीय गृहस्थांस पाकिस्ताननें 2016 च्या मार्चांत पकडल्याचें जाहीर केलें, त्यांस हेर ठरविलें, आणि 2017 च्या एप्रिलांत लष्करी न्यायालयानें त्यांस मृत्युदंड सांगितला. या सबंध काळांत आपल्या वकिलातीच्या अधिकाऱ्यास त्यांची एकही भेट मिळाली नाहीं.

या प्रकरणांतील एका बारीकशा गोष्टीकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. 2017 च्या मार्चांत पाकिस्ताननें भारतास असें कळविलें कीं, आम्ही तपासासाठीं जी मदत मागितली आहे तिला तुम्ही काय उत्तर देतां हें पाहून भेटीचा विचार करूं. म्हणजे आधीं वार्ता द्या, मग माणूस दाखवूं! हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयानें 17 जुलै 2019 रोजीं पंधरा विरुद्ध एक मतानें पाकिस्ताननें 1963 च्या व्हिएन्ना कराराचा भंग केल्याचें ठरविलें. आणि तपासांत मदत न मिळणें ही सबब बंदिवानाचा भेटीचा हक्क नाकारण्यास पुरेशी नाहीं, तसेंच 2008 च्या त्या फटीनेंही हा हक्क बुडत नाहीं, असा खुलासा केला. त्यानंतर 2 सप्टेंबर 2019 रोजीं पहिली भेट मिळाली. ज्या हेग शहरांत 1911 सालीं खात्यांच्या टपालापुढें माणसाचा हक्क हरला, त्याच शहरांत 2019 सालीं वार्तेच्या सौद्यापुढें तो टिकला. मधल्या शतकांत जी प्रगति झाली ती लेखी करारांनीं व त्यांवर न्याय देणाऱ्या संस्थांनीं घडविली. सरकारांच्या मनाच्या मोठेपणानें ती घडलेली नाहीं.

आपल्यासारख्याच लोकसत्ताक देशांनीं या बाबतींत काय केलें तेंही पाहिलें पाहिजे. कानडाच्या पोलिसांनीं महेर अरार नांवाच्या आपल्याच एका नागरिकाविषयीं कच्ची, न पारखलेली माहिती अमेरिकेस पुरविली. त्यावरून 2002 च्या सप्टेंबरांत तो न्यूयॉर्कच्या विमानतळावर पकडला गेला आणि त्याची रवानगी सीरियांत झाली. तेथें सुमारें वर्षभर बंदिवास व छळ भोगून तो परत आला. कानडानें न्यायमूर्ति ओकॉनर यांचें चौकशी मंडळ नेमलें. मंडळानें 2006 सालीं त्यास निर्दोष ठरविलें. आणि 2007 च्या जानेवारींत सरकारनें त्याची माफी मागून एक कोटी पांच लाख डॉलर भरपाई दिली. पुढें 2019 सालीं, छळाचा संभव असेल तेथें वार्ता देऊं-घेऊं नये असें बंधन घालणारा कायदा त्या देशानें केला. ब्रिटनमध्यें 1994 पासून गुप्त खात्यांवर देखरेख करणारी पार्लमेंटची समिती आहे. तिनें 2018 सालीं स्पष्ट लिहिलें कीं, बंदिवानाचा छळ होत असल्याचें कळल्यावर किंवा तसा संशय आल्यावरही ब्रिटिश अधिकाऱ्यांनीं परकी खात्यांस प्रश्न वा वार्ता पुरविल्याचीं 232 प्रकरणें आढळलीं. हें वाचून त्या देशाची मान खालीं गेली असेल. पण वही होती म्हणून चूक सांपडली, हें विसरतां येत नाहीं.

आपल्या घरीं ही वही कोठें आहे? आपलें गुप्तवार्ता खातें 1887 सालीं इंग्रजांनीं स्थापिलें. परदेशांत काम करणारें ‘रॉ’ हें खातें 1968 सालीं निघालें. दोहोंपैकीं एकाचीही स्थापना संसदेच्या कायद्यानें झालेली नाहीं, आणि त्यांचे अधिकार व मर्यादा आंखून देणारा कायदाही नाहीं. उपराष्ट्रपति हमीद अन्सारी यांनीं 2010 सालीं या खात्यांवर संसदेची देखरेख असावी असें जाहीर व्याख्यानांत सुचविलें. 2011 सालीं मनीष तिवारी यांनीं लोकसभेंत त्यासाठीं खासगी विधेयक आणलें. तें मंजूर झालें नाहीं. माहितीच्या अधिकाराच्या 2005 च्या कायद्यांतून हीं खातीं कलम 24 अन्वयें वगळलीं आहेत. भ्रष्टाचाराचा अथवा मानवी हक्कांचा भंग झाल्याचा आरोप असेल तरच, आणि मानवी हक्कांच्या बाबतींत केंद्रीय माहिती आयोगाच्या संमतीनेंच, कांहीं माहिती मिळूं शकते. छळाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारतानें 1997 सालीं सही केली, पण त्याचें अनुसमर्थन अद्याप केलेलें नाहीं. त्यासाठींचें विधेयक 2010 सालीं लोकसभेनें मंजूर केलें आणि तें राज्यसभेंत अडकून बारगळलें. 2017 सालीं विधि आयोगानें पुन्हां शिफारस केली. तीही दप्तरदाखल झाली.

आम्हांस यांत सर्वांत बोंचणारी गोष्ट अशी कीं, जाधवांसाठीं व चव्हाणांसाठीं आपण जें दुसऱ्याकडे मागतों, तेंच आपल्या घरीं कायद्यांत लिहावयास आपण कचरतों. आमच्या माणसास मारूं नका, त्यास वकील द्या, त्याची भेट द्या, असें सांगणाऱ्या सरकारनें छळाविरुद्धच्या करारावर शिक्का मारण्यास पाव शतकाहून अधिक काळ लावावा, हें त्याच्या शब्दाचें वजन कमी करणारें आहे. सावकारास दुसऱ्याची वही मागण्याचा अधिकार तेव्हांच शोभतो, जेव्हां त्याची स्वतःची वही पाहावयास मिळते.

यावर एक आक्षेप हमखास येईल, व तो अगदींच पोकळ नाहीं. गुप्त खात्याचें काम चव्हाट्यावर कसें चालेल? 26 नोव्हेंबर 2008 रोजीं मुंबईवर जो घाला पडला, त्यासारखे प्रसंग टाळावयाचे तर परक्या देशांकडून वार्ता घेतली पाहिजे, ती वेळेवर घेतली पाहिजे, आणि ती देणाराचें नांव लपविलेंही पाहिजे. हें सारें आम्हांस मान्य आहे. देखरेख म्हणजे डांगोरा नव्हे. पेढीचा हिशेबतपासनीस वह्या पाहतो म्हणून बाजारांत तिचीं गुपितें फोडीत फिरतो काय? गुप्ततेची शपथ घेतलेली, दोन्ही सभागृहांतील व सर्व पक्षांतील मोजक्या सभासदांची समिति बंद दाराआड काम करूं शकते. ब्रिटनमधील समिति असेंच काम करीत आली आहे आणि त्यामुळें तेथील खातीं बंद पडलेलीं नाहींत. शिवाय मारून वदविलेली वार्ता खरी असेलच असें नाहीं. मार थांबावा म्हणून माणूस समोरच्यास हवें तें बोलतो, आणि त्या बोलण्यावर विसंबून सरकार भलत्याच वाटेस लागतें. तपासलेली वार्ता ही देशरक्षणाचीही गरज आहे.

उघड मार्गानें जाऊन कार्य साधत नाहीं असेंही नाहीं. 1993 च्या मुंबई बॉम्बस्फोटांतील आरोपी अबू सालेम यास पोर्तुगालनें 2005 सालीं भारताच्या हवालीं केलें, तें त्यास मृत्युदंड अथवा पंचवीस वर्षांपलीकडे कैद होणार नाहीं असें वचन भारत सरकारकडून घेऊनच. 2022 च्या जुलैंत सर्वोच्च न्यायालयानें हें वचन पाळण्यास सरकार बांधलेलें आहे असा निर्णय दिला. सालेमविषयीं कोणास कळवळा वाटावा असें आम्हीं म्हणत नाहीं. परंतु परक्या राष्ट्रास दिलेला शब्द आपल्या न्यायालयांत उघडपणें तपासला गेला व खरा ठरला, यांत भारताची साख वाढली. आणि पुढील आरोपी मागतांना हीच साख कामास येईल.

तेव्हां आमच्या मागण्या अशा आहेत. पहिली, गुप्त खात्यांस कायद्याचा पाया द्यावा आणि त्यांवर संसदेची संयुक्त समिति नेमावी. दुसरी, परक्या देशास कोणाही व्यक्तीविषयीं वार्ता देतांना अथवा घेतांना, त्यामुळें कोणाचा छळ होण्याचा संभव आहे काय, याचा विचार जबाबदार अधिकाऱ्यानें लेखी करावा, व ती नोंद समितीपुढें ठेवावी. तिसरी, छळाविरुद्धच्या करारास अनुसमर्थन देऊन त्याप्रमाणें कायदा करावा. चौथी, परदेशांत अटकेंत पडलेल्यांच्या घरच्यांसाठीं प्रत्येक जिल्ह्याच्या कलेक्टर कचेरींत एक अधिकारी नेमून द्यावा; अर्ज आल्यापासून ठराविक दिवसांत परराष्ट्र खात्याचें उत्तर त्यानें मराठींत लेखी द्यावें. यांत शेवटच्या मागणीस पैसा लागत नाहीं, कायदा लागत नाहीं, एक सरकारी आदेश पुरतो. जळगांव व धुळें या दोन जिल्ह्यांत ती उद्यां अंमलांत येऊं शकते.

लोकसभेंत खानदेशचे प्रतिनिधि बसतात ते जळगांव, रावेर, धुळें व नंदुरबार या मतदारसंघांतून. कापसाचा भाव, केळीचा विमा, तापीचें पाणी हे प्रश्न आमचे व्यापारी व शेतकरी त्यांच्यापुढें मांडतात, ते योग्यच आहे. त्यांच्या जोडीस हा एक प्रश्न मांडावा, अशी आमची विनंती आहे. दोन्ही शहरांतील वकील मंडळांनीं व व्यापारी संघांनीं वरील चार मागण्यांचा ठराव करून तो आपापल्या खासदारांकडे धाडावा आणि तुम्हीं संसदेंत याविषयीं काय केलें याचें उत्तर लेखी मागावें. बोरविहिरीचा शिपाई परत आला याचा आम्हां सर्वांस आनंद झाला. परंतु यापुढें जो कोणी परक्या कोठडींत पडेल, त्याचें परत येणें मंत्र्याच्या ओळखीवर अथवा शेजाऱ्याच्या मर्जीवर सोडून देणें हें स्वतंत्र देशाच्या नागरिकांस शोभणारें नाहीं.